मास्तरांच्या मशीनला जगाचं वारं

घरात टेबल एकच होतं आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघं होते. वस्तू एक आणि हक्कदार दोन, असं जिथे असतं तिथे एक तर कोर्ट असतं, नाहीतर संसार. मास्तरांच्या घरी संसार होता. कोर्ट वरच्या मजल्यावर राहायचं. पण त्या वकीलसाहेबांची पाळी पुढे येणारच आहे, तेव्हा आधी टेबल.

टेबल लोखंडी पायांचं, जाड लाकडाचं आणि घरातल्या कुठल्याही दारापेक्षा दोन बोटं रुंद. ते बाहेरच्या खोलीत मुळात आलं कसं हे कोणालाच आठवत नव्हतं. त्याच्यावर तेहतीस वर्षं मास्तरांचं मशीन बसलेलं होतं. मशीन म्हणजे कॉम्प्युटरच, पण मास्तरांनी त्याला कधी कॉम्प्युटर म्हटलं नाही. याच खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता, त्यात चौदा टाइपरायटर होते आणि ती सगळी 'मशीनं' होती. हे पंधरावं आलं तेव्हा त्याला वेगळं नाव देऊन बाकीच्यांचा अपमान कशाला करायचा? पुढे क्लास बंद झाला, चौदा मशीनं गेली, पंधरावं राहिलं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. बटण दाबलं की ते आधी खाकरायचं, मग पोटातून घरघरायचं, मग एकदा 'टुंग' करून हिरवी खूण लुकलुकवत बसायचं.

मास्तर रोज सकाळी आंघोळ करून त्याच्यासमोर बसत आणि एक पान टाइप करून ते पुसून टाकत. क्लासचे सगळे नियम पाळून. पाठ ताठ, कोपरं आत, नजर समोरच्या कागदावर. बटणांकडे बघायचं नाही, पडद्याकडे तर नाहीच नाही. नवी ओळ आली की आधी पाच मोकळ्या जागा. असं केल्यानं बोटं चालू राहतात, असं मास्तरांचं म्हणणं.

"बोटं चालू ठेवायला भाजी निवडा," असं बाईंचं म्हणणं.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. त्या पडदे शिवत. नुकतंच त्यांना एका दवाखान्याचं बावीस पडद्यांचं काम मिळालं होतं आणि ते बावीसच्या बावीस पडदे फरशीवर बसून कापायचे होते, कारण टेबलावर मशीन. "गुडघे माझे, फरशी घराची, आणि टेबल त्या डबड्याचं," असं त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. मास्तर त्यावर काही बोलत नसत. खरं तर ते कशावरच फारसं बोलत नसत. मिनिटाला साठ शब्द टाइप करणारा हा माणूस, पण तोंडानं दिवसाला साठ झाले की त्याला धाप लागायची.

आता मुख्य दुखणं. मास्तरांची एकुलती लेक नोकरीनिमित्त समुद्रापलीकडे राहायची. दर रविवारी सकाळी बाईंच्या फोनवर तिचा फोन यायचा. चाळीस मिनिटं. त्यातली अडतीस बाईंची. मग फोन मास्तरांच्या हातात यायचा.

"बाबा, बरे आहात ना?"

"हो."

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"हो."

"मग ठेवू?"

"हो."

आणि मग सोमवार ते शनिवार मास्तर मनातल्या मनात ती वाक्यं जुळवत बसत, जी रविवारी म्हणायची राहून गेली. सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. पण फोन कानाला लागला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि पुन्हा तीन 'हो'.

त्या रविवारी तिसऱ्या 'हो'नंतर लेक हसली. "बाबा, तुमच्या मशीनला नेट लावा बघू. मग आपण दोघं टाइप करून बोलू. पूर्वी पडद्यावर चिठ्ठ्या नाही का ठेवायचात तुम्ही?"

ती गमतीनं म्हणाली. पण मास्तरांच्या छातीत 'टुंग' झालं. लेक शाळेतून यायची तेव्हा क्लास ऐन रंगात असायचा, मास्तरांना बोलायला फुरसत नसायची. मग ते पंधराव्या मशीनच्या पडद्यावर तिच्यासाठी दोन ओळी लिहून ठेवत. आपली अक्षरं त्या मशीनला येत नव्हती, म्हणून परक्या अक्षरांत आपले शब्द. ती वाचायची, पुसायची आणि हसत आत पळायची. त्या ओळींत काय असायचं हे बापलेकींनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"लावतो," मास्तर म्हणाले. तिन्ही 'हो' सोडून निघालेला तो चौथा शब्द होता.

"काय लावता?" फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ठीक आहे. पुढच्या रविवारी अकराचे ठोके पडायच्या आत तुमचं मशीन पोरीशी बोललं, तर मी पुन्हा टेबलाचं नाव काढणार नाही. नाही बोललं, तर टेबल माझं. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. माणसाला एकदा उत्साह चढला की तो कशालाही कबूल म्हणतो. लग्नंसुद्धा अशीच होतात.

सोमवारी सकाळी मास्तर रेडिओवाल्यांकडे गेले. रेडिओवाल्यांच्या दुकानात आता कोणी रेडिओ आणत नसे, पण पाटी बदलायची त्यांना लाज वाटायची. मास्तरांचं म्हणणं ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू हरवलेला भाऊ सापडला.

"मास्तर, इतकी वर्षं मी वाट बघतोय की कोणीतरी हे विचारेल!" त्यांनी खणातून काडेपेटीएवढी एक डबी काढली. "हिला हवेतलं नेट पकडता येतं. आणि ही तुमच्या मशीनला सांगते, मी टेलिफोन आहे. मशीन बिचारं जुन्या वळणाचं, त्याला टेलिफोनशी बोलता येतं. ते नंबर लावतं, ही डबी पलीकडे जगाला जोडून देते."

"म्हणजे मशीनला फसवायचं?"

"फसवायचं कशाला? समजूत घालायची. म्हातारपणी सगळ्यांचीच घालावी लागते."

डबी मिळाली, पण हवेत नेट असल्याशिवाय ती पकडणार काय? मास्तरांच्या घरी नेट नव्हतं. बाईंच्या फोनमध्ये होतं तेवढंच, आणि फोन बाईंच्या कमरेला. म्हणून मंगळवारी मास्तर नेट देणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेले. अर्जात एक रकाना होता: जोडायचे साधन व ते घेतल्याचे वर्ष. मास्तरांनी प्रामाणिकपणे दोन्ही भरलं.

खिडकीतल्या कारकुनानं ते वर्ष दोनदा वाचलं. "काका, हे कोणाचं जन्मवर्ष आहे का?"

"मशीनचं वर्ष आहे."

"हे आमचा कॉम्प्युटर घेत नाही. मी 'टीव्ही' असं टाकतो."

"पण तो टीव्ही नाही."

"मग फ्रिज टाकू? फ्रिजलाही देतो आम्ही हल्ली."

इथपर्यंत मास्तरांनी सोसलं. पण कारकुनानं अर्ज भरायला घेतला, आणि तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. दोन बोटांनी! एक बोट हवेत घिरट्या घालायचं, दुसरं अक्षर शोधायचं, आणि बाकीची आठ बोटं वऱ्हाडासारखी नुसती बसलेली. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. मास्तरांनी ओठ आवळले, खिडकीची चौकट धरली, छताकडे बघितलं. पण शेवटी राहवलं नाही.

"साहेब, कोपरं आत घ्या. आणि 'ए'ला करंगळी."

कारकुनानं टायपिंग थांबवलं. मास्तरांकडे बघितलं. मग अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यावरून उचलून उजवीकडच्या गठ्ठ्याखाली सरकवला. "पाहणी होईल," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी."

मास्तर घरी आले ते अपमानानं लाल होऊन. त्यांना कारकुनाचा राग नव्हता, करंगळीची कीव होती. ती बिचारी जन्मभर बेकार बसणार, असं ते दोनदा म्हणाले.

पण संकटात शेजारी उपयोगी पडतो, म्हणजे निदान तो आपण पडतोय असं मानतो. बुधवारी सकाळी वरचे वकीलसाहेब स्वतःहून खाली आले. रेडिओवाल्यांनी जिन्यात त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं. वकिली सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत त्यांना एकही चांगली भानगड मिळाली नव्हती.

"माझं नेट वापरा," ते म्हणाले. "पण तीन अटींवर. एक, परक्या माणसाशी बोलायचं नाही. दोन, काही वाकडं झालं तर माझं नाव घ्यायचं नाही. तीन, रविवारी मी पंच म्हणून बसणार. बाईंचा आणि तुमचा करार तोंडी आहे, तोंडी कराराला साक्षीदार लागतो."

त्यांचा पासवर्ड बत्तीस अक्षरांचा होता. त्यात एक कंस उघडत होता आणि तो शेवटपर्यंत बंद होत नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, त्यातच तर सुरक्षा आहे.

आता नेट होतं, पण ते वरच्या मजल्यावर. ते खाली कुठवर झिरपतं हे बघायला रेडिओवाले डबी हातात धरून घरभर फिरले. पलंगाशी नाही. खिडकीशी नाही. टेबलाशी तर नावालाही नाही. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या दारात मात्र डबीचा दिवा एकदम निळा झाला.

"इथे!" रेडिओवाले ओरडले. "मास्तर, इथे धो धो पडतंय!"

म्हणजे टेबल दारापाशी न्यायला हवं. मास्तर, रेडिओवाले आणि वकीलसाहेब, तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या पुढे, टेबलाला भिडले. वकीलसाहेब उचलत नव्हते, सूचना करत होते. "कोपरा पुढे घ्या. अजून. अजून थोडा. कायद्यानं तो बसायला हरकत नाही." कायद्यानं हरकत नव्हती, पण चौकटीची होती. टेबलाचा एक कोपरा एका पायासकट स्वयंपाकघरात घुसला आणि पुढचं टेबल दाराच्या दोन्ही चौकटींत असं पक्कं अडकलं, की ते ना पुढे जाईना, ना मागे येईना.

बाई आत होत्या. टेबलापलीकडून त्यांचं डोकं दिसलं. "मी आता बाहेर कशी यायची?"

शेवटी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीतून, मग झोपायच्या खोलीतून, असा वळसा निघाला. पुढचे चार दिवस बाईंकडे कोणी पाणी मागितलं तरी त्यांना ते जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघाल्यासारखं आणावं लागलं. त्या रागावल्या का? रागावल्या. पण त्यांनी शिवायची खुर्ची उचलून टेबलाच्या त्या घुसलेल्या कोपऱ्याशी, आतल्या बाजूला ठेवली, शेजारी पडद्यांचा ढीग घेतला, आणि म्हणाल्या, "बघू तर काय दिवे लावता." त्यांच्या मागेच बिस्किटांचं कपाट होतं आणि कपाटावर उंदराचा पिंजरा. फार पूर्वी डब्यातली बिस्किटं रोज कमी व्हायची म्हणून बाईंनी तो आणला होता. त्यात आजवर एकही उंदीर सापडला नव्हता, पण बाईंनी आशा सोडली नव्हती.

गुरुवारी डबीची वायर मशीनच्या पाठीला लावायला घेतली, तेव्हा कळलं की दोन्हीकडे पिनाच आहेत, भोकं कुठेच नाहीत. दोन तिरसट माणसं समोरासमोर आल्यासारखा प्रकार. रेडिओवाले दुकानात पळाले आणि मध्ये बसवायचा एक जोड घेऊन आले. मशीन सुरू झालं. खाकरलं, घरघरलं, 'टुंग' झालं. मास्तरांनी फोनची आज्ञा टाइप केली.

आणि पडदा भरून गेला! एकामागोमाग एक, ओळीच्या ओळी! हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम, चौकट, उलटी प्रश्नचिन्हं.

"आलं!" मास्तर खुर्चीतून उठले. "आलं, आलं! जग आलं!"

वकीलसाहेबांनी चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं. "मास्तर, हे बदाम आहेत. कोणीतरी प्रेमपत्र पाठवतंय. उत्तर देऊ नका, अंगलट येईल."

"कोण आहे ती?" बाईंनी आतून कात्री थांबवून विचारलं.

ती कोणी नव्हती. डबी भरभर बोलत होती आणि मशीन हळू ऐकत होतं, त्यामुळे शब्दांचा नुसता चुरा पडत होता. रेडिओवाल्यांनी डबीचा वेग मशीनच्या वेगाला आणला. मास्तरांनी पुन्हा आज्ञा टाइप केली. बदाम गेले, चेहरे गेले, काळ्या पडद्यावर दोनच हिरवी अक्षरं उमटली: ओके.

तेहतीस वर्षांत त्या मशीननं मास्तरांना उलट उत्तर दिलं नव्हतं. जे टाइप करावं ते मुकाट दाखवायचं. आज पहिल्यांदा पलीकडून कोणीतरी ठीक आहे म्हणत होतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तीच आज्ञा पंधरा-वीस वेळा दिली, फक्त ते 'ओके' बघायला. रेडिओवाल्यांनाही भरून आलं. वकीलसाहेबांनीसुद्धा एकदा बटण दाबून बघितलं.

शुक्रवारी रेडिओवाल्यांनी सगळ्या सूचना एका कागदावर लिहून दिल्या. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, म्हणून मास्तरांनी शनिवारी त्या परक्या अक्षरांत स्वच्छ टाइप केल्या, टेबलाखालच्या जुन्या प्रिंटरवर कर्रर्र करून तीन प्रती काढल्या आणि एक दाराच्या चौकटीवर चिकटवली. एकही चूक नव्हती. त्यांनी त्यातलं अवाक्षरही वाचलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. खरा टायपिस्ट वाचत नसतो. वाचायला लागला की वेग जातो.

तिकडे लेकीनं आपल्या कॉम्प्युटरवर एक दार उघडून ठेवलं होतं. बाबांच्या मशीनचा फोन आला की तिच्या पडद्यावर घंटा वाजणार, आणि मग दोघांनी लिहायचं. त्या दाराचा पत्ता, म्हणजे मशीननं लावायचा नंबर, तिनं बाईंच्या फोनवर पाठवला. आता फक्त रविवार उजाडायचा राहिला होता.

रविवारी दहालाच सगळे जमले. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी, पाठ ताठ, कोपरं आत. उजवीकडे रेडिओवाले. डावीकडे वकीलसाहेब, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून, कारण ते पंच. टेबलापलीकडे, स्वयंपाकघरात बाई, गळ्यात मोजपट्टी, हातात खडू. दवाखान्याचं कापड त्यांनी आधीच उलगडून तयार ठेवलं होतं. त्यांच्या फोनवर लेक होती.

"लावा बाबा!"

मास्तरांनी नजर कागदावर ठेवली आणि पत्ता टाइप केला. एंटर.

पडद्यावर परक्या अक्षरांत उमटलं: फोन ठेवला.

"असं होतं पहिल्यांदा," रेडिओवाले म्हणाले. मास्तरांनी पुन्हा लावला. फोन ठेवला. पुन्हा. फोन ठेवला. रेडिओवाल्यांनी डबी हलवली, फुंकली, उलटी केली. छोटी आज्ञा दिली की 'ओके' लगेच यायचं, पण नंबर लावला की लगेच तुटायचं. वकीलसाहेब वर जाऊन आपलं नेट बघून आले. त्यांचा कंस होता तिथेच उघडा होता.

"बाबा, इथे एक क्षण घंटा वाजते आणि लगेच बंद होते," लेकीचा आवाज आला. "कोणीतरी ठेवून देतंय."

"मी नाही ठेवत!" मास्तर म्हणाले. "मी कशाला ठेवेन?"

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. टेबलाचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. टेबल गेलं तर जावो. पण पलीकडे लेक दार उघडून बसली होती, आणि आठवडाभर जुळवलेली वाक्यं बोटांत येऊन थांबली होती, आणि मशीन दर वेळी तिच्या तोंडावर दार आपटत होतं. आज जमलं नाही तर पुन्हा तीन 'हो', जन्मभर. त्यांनी पुन्हा लावला. फोन ठेवला.

"दहा वाजून सत्तावन्न," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनाही आता मजा वाटत नव्हती.

बाई टेबलापलीकडे बसून होत्या. मास्तरांच्या पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती, त्यांना फक्त आवाज येत होता. तेहतीस वर्षं त्यांना फक्त आवाजच आला होता. पडदे शिवताना, पोळ्या लाटताना, भिंतीपलीकडून चौदा-पंधरा मशीनांचा. त्या आवाजात कोण नवीन आहे, कोण चुकतंय, हे त्या न बघता सांगू शकत. खडू हातात धरून त्या ऐकत होत्या. मास्तर लावत होते, तुटत होतं. अकराचे ठोके पडायला दोन मिनिटं होती. त्या गप्प बसल्या असत्या तर टेबल त्यांचं होतं.

बाईंनी एकदा कापडाकडे बघितलं. एकदा मास्तरांच्या घामानं भिजलेल्या कॉलरकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नंबर लावून झाल्यावर ते पाच वेळा टक टक काय करता?"

"कसलं टक टक?"

"लांब बटण. एंटर मारलंत की अंगठ्यानं पाच वेळा. टक टक टक टक टक. मघापासून ऐकतेय. दर वेळी."

मास्तरांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. नवी ओळ, पाच मोकळ्या जागा. क्लासचा नियम. चाळीस वर्षांत तो अंगठा कोणाला विचारून चालला नव्हता.

रेडिओवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि चौकटीवरचा कागद फाडून हातात घेतला. "सूचना सात! 'नंबर लावल्यावर उत्तर येईपर्यंत कोणत्याही बटणाला हात लावू नये. लावल्यास डबी फोन ठेवून देते.' मास्तर, तुम्हीच टाइप केलंय हे! तीन प्रती!"

मास्तरांनी पत्ता टाइप केला. एंटर मारलं. आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत घट्ट पकडून बसले. अंगठा वळवळत होता. भिंतीवर अकराचे ठोके पडायला लागले. एक, दोन, तीन. कोणी हललं नाही. आठ, नऊ. पडदा काळा. अकरा. ठोके संपले. पडदा काळाच. मास्तरांनी मूठ सोडली नाही.

मग मशीन पोटातून घरघरलं, आणि हिरवं अक्षर उमटलं. मग दुसरं. मग तिसरं. जोडणी झाली.

रेडिओवाले ओरडले. वकीलसाहेब टाळ्या वाजवत उभे राहिले आणि मग आपण पंच आहोत हे आठवून खाली बसले. फोनमधून लेकीची किंकाळी आली, "बाबा, आलात! थांबा, मी आधी लिहिते!" बाईंना पलीकडून काही दिसेना, म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा गॅलरीतून पळत, झोपायच्या खोलीतून वळसा घालून मास्तरांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावर एकेक परकं अक्षर उमटत होतं. मास्तर पडद्याकडे बघत होते. नियम मोडून.

'बाबा, कपाटात बिस्किटं आहेत. दोनच घ्या. आईला सांगू नका.'

मास्तरांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते की रडत होते, हे रेडिओवाल्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग त्यांनी बोटं बटणांवर ठेवली, आणि मिनिटाला साठ शब्दांनी, आठवडाभराचं, वर्षाचं, सगळं साठलेलं लिहायला लागले. तिच्या गेल्या वाढदिवसाला काय म्हणायचं होतं ते. तिच्या खोलीची खिडकी अजून रोज उघडतो ते. गोळ्या घेतो, पण कडू लागतात ते.

मागे बाई मात्र पहिल्याच ओळीवर अडकल्या होत्या. त्यांनी ती पुन्हा वाचली. मग त्यांची नजर सावकाश मास्तरांच्या डोक्यावरून, टेबलावरून, स्वयंपाकघरातल्या कपाटावर आणि कपाटावरच्या पिंजऱ्यावर गेली.

"म्हणजे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी उंदराला शिव्या देत होते."

मास्तरांची बोटं क्षणभर थांबली. "हो," ते म्हणाले. हा 'हो' मात्र फार बारीक होता.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "निकाल द्यायला हवा. जोडणी अकराचे ठोके संपल्यावर झाली. मला वाईट वाटतं, पण टेबल बाईंचं."

मास्तरांनी मान हलवली. शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी तिघांनी मिळून मशीन उचललं, गॅलरीतून वळसा घालून आत नेलं आणि स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या कपाटाशेजारच्या ओट्यावर मांडलं. तिथेही डबीचा दिवा निळाच राहिला. खुर्चीला जागा नव्हती, म्हणून मास्तरांना उभ्यानं टाइप करावं लागणार होतं. त्यानं पाठ आपोआप ताठ राहील, असं त्यांनी रेडिओवाल्यांना सांगितलं. टेबल दारातून निघालं नाही ते नाहीच. बाहेरच्या बाजूनं बाई त्याच्यावर पडदे कापायला लागल्या, आणि गुडघ्यांबद्दल त्या दिवसापासून कोणी काही ऐकलं नाही.

पुढच्या सकाळी मास्तर आंघोळ करून ओट्याशी उभे राहिले. मशीन खाकरलं, घरघरलं. त्यांनी हळूच इकडे तिकडे बघितलं. बाई टेबलापलीकडे कापडावर वाकलेल्या होत्या, कात्री चालू होती. मास्तरांनी आवाज न करता कपाटाकडे हात नेला. पिंजरा वर नव्हता. आणि कपाटाच्या दारावर, शिवणाच्या पांढऱ्या खडूनं, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं:

'दोनच घ्या. मी मोजलीत.'